फक्त प्रार्थनेसाठी सांगते

आमच्या घरात रविवारपेक्षा पाण्याचा दिवस मोठा असे. पप्पा पाणीपुरवठा खात्यात लाईनमन होते. लांब लोखंडी चावी सायकलच्या दांडीला बांधून ते गल्लोगल्लीचे व्हॉल्व्ह फिरवत जात, आणि पडेगावच्या आमच्या वस्तीत त्यांचं नाव थोड्यांनाच ठाऊक होतं. बाकीच्यांना ते ‘पाणीवाले’ होते. तरी आमच्या नळाला पाणी येई ते सगळ्यांबरोबरच, काही दिवसांआड, कधी त्याहून उशिरा. आपल्या गल्लीसाठी त्यांनी व्हॉल्व्ह कधी जास्त वेळ उघडा ठेवला नाही, आणि आईने ही गोष्ट त्यांना कधी माफ केली नाही. “अख्ख्या औरंगाबादची तहान भागवणारा माणूस, आन् माझं पिंप कोरडं,” असं ती शेजारणींना ऐकू जाईल अशा बेताने म्हणे. पाणी येण्याआधी नळ फुसफुसायचा, खोकायचा. तो आवाज आला की गल्लीतली दारं एकदम उघडत, हंडे आणि बादल्या खणखणत, आणि पाणी भरता भरता बायका जे बोलत त्यावर गल्लीचे पुढचे दिवस निघत.

घर दोन खोल्यांचं. मागे मोरी, वर गच्ची. गच्चीवरून पश्चिमेला दौलताबादच्या किल्ल्याचा डोंगर दिसे, आणि खालच्या रस्त्याने तिकडे जाणाऱ्या बसचे हॉर्न दिवसभर ऐकू येत. सकाळी आधी अजान, मग आईची पुटपुटती प्रार्थना, मग पप्पांच्या सायकलचा स्टँड, हा आवाजांचा क्रम ठरलेला होता. रविवारी त्यात मटणाची भर पडे. आई मसाला भाजून, मटण मंद स्टोव्हवर ठेवून, पातेल्याच्या झाकणावर पाणी घालून देवळात येई. आम्ही चर्चला देऊळच म्हणत असू. पाळकसाहेब उपदेशाच्या तिसऱ्या मुद्द्यावर आले की आई पप्पांकडे बघू लागे. तिचं अर्धं लक्ष झाकणावरचं पाणी आटलं असेल का याच्याकडे असे.

देऊळ पत्र्याच्या छपराचं होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथे प्रभुभोजन होई. त्याची आमच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, पद्धत सांगणं भाग आहे, कारण पुढचं सगळं त्या पद्धतीतून घडलं. आधी भाकरीचं ताट फिरे, मग प्याल्यांचा ट्रे. बोटभर उंचीचे काचेचे प्याले, त्यात द्राक्षरस. ट्रे बाकावरच्या एका माणसाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जाई. प्रत्येकाने आपला प्याला उचलायचा, हातात धरून थांबायचं, सगळ्यांनी एकदम प्यायचं आणि समोरच्या बाकाच्या पाठीला ठोकलेल्या लाकडी पट्टीतल्या भोकात रिकामा प्याला ठेवायचा. ते सगळे प्याले पट्टीत बसताना जो आवाज होई, तसा मी नंतर कुठे ऐकला नाही. पत्र्यावर पावसाचे पहिले चार थेंब पडावेत इतका बारीक, आणि लगेच संपणारा.

ट्रे फिरण्याआधी पाळकसाहेब दर वेळी एकाच सुरात सांगत: कोणाविषयी मनात काही असेल, किंवा आपल्याविषयी कोणाच्या मनात काही आहे हे आठवत असेल, तर आधी जाऊन समेट करा, तोवर प्याला पुढे जाऊ द्या. हे सगळ्यांना पाठ होतं. पण या कारणाने कोणी प्याला पुढे जाऊ दिल्याचं मी पाहिलं नव्हतं, आईनेही नाही. आमच्याकडे प्याला न घेण्याची एकच वेळ येई: मंडळीच्या पंचांनी एखाद्याला शिस्त लावली असेल तेव्हा. आणि शिस्त लागे ती एकाच प्रकारच्या पापासाठी, लग्नाबाहेरच्या संबंधासाठी. उधारी बुडवली, शेजाऱ्याची भिंत ढकलली, सासूला उपाशी ठेवलं, यासाठी कोणाचा प्याला थांबल्याचं ऐकिवात नव्हतं.

माझी मोठी बहीण लिलीताई बालवाडीत शिकवत असे. तिला नक्कल येई. वस्तीतल्या कुणाचीही चाल, कुणाचंही खोकणं, पाळकसाहेबांचा तिसरा मुद्दा, सगळं ती हुबेहूब करून दाखवी. घरात ती असली की हसू असे. तिचं लग्न जालन्याच्या शमुवेल नावाच्या शिक्षकाशी ठरलं होतं. मुलगा कमी बोलणारा होता. बघायला आला तेव्हा लिलीताईच्या एका वाक्यावर त्याला इतकं हसू आलं की चहा शर्टावर सांडला. त्यावर त्याची आई म्हणाली, “आमच्या घरात हसायला कुणी नव्हतंच.” ते लग्न दोन्ही घरांना मनापासून हवं होतं.

उन्हाळ्याचे दिवस होते. लग्नघर म्हणून आईने कुरडयांचा घाट घातला. गहू भिजवून, वाटून, त्याचा चीक शिजवायचा म्हणजे एकटीचं काम नाही, म्हणून शनिवारी उजाडताच सोनवणेबाई मदतीला आल्या. त्या आमच्या वस्तीतल्या महिला मंडळाच्या पुढारी. कोणाच्या आजारपणात सगळ्यात आधी धावणाऱ्या, हे आधी नोंदवते, कारण ते खरं आहे. गच्चीवर जुनी साडी अंथरली होती. आई चीक घोटत होती, लिलीताई सोऱ्या दाबत होती, सोनवणेबाई आणि मी कुरडया सारख्या करत होतो. मध्येच वाटीत गरम चीक घेऊन त्यावर दूध आणि गूळ घालून खाणं चालू होतं. लग्नाला कोण कोण येणार याची गोष्ट निघाली, आणि त्यात रत्नमाला टीचरचं नाव आलं.

रत्नमाला टीचर आमच्या मागच्या गल्लीत एकट्या राहत. रविवारच्या शाळेत त्यांनी लिलीताईला शिकवलं, मग मला. नवरा पुण्याला कंपनीत आहे, असं त्या सांगत. नाताळात त्या घराला कुलूप लावून पुण्याला जात आणि नव्या वर्षात परत येत. तो इकडे आल्याचं मात्र कोणाच्या पाहण्यात नव्हतं.

“टीचरचे मालक येतील ना लग्नाला?” आईने विचारलं.

“येतील की. दर वर्षी येणारच असतात,” सोनवणेबाई म्हणाल्या.

लिलीताई सोऱ्या दाबत होती. मान वर न करता तिने म्हटलं, “टीचरचा नवरा म्हणजे आपल्या नळाचं पाणी. येतंय येतंय म्हणायचं आन् हंडे मांडून बसायचं. पाणी निदान उशिरा का होईना येतं. ह्यांचं दुसऱ्याच्या गल्लीत सोडलंय कुणीतरी.”

आईच्या हातातलं उलथणं थांबलं आणि ती हसू लागली. मीही हसले. सोनवणेबाईंनी चिकाने भरलेले हात वर धरून दंडाने डोळे पुसले. “अगं बाई, बाई! पोरी, तुझ्या जिभेला हाड नाय गं,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्याच्या गल्लीत! लई झालं.” मग चीक आळायला लागला म्हणून सगळ्या पुन्हा कामाला लागल्या. इतकंच घडलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, लिलीताईच्या लग्नाची सूचना देवळात पहिल्यांदा वाचली जायची होती. आमच्याकडे लग्नाआधी तीन रविवार अशी सूचना वाचतात आणि कोणाची हरकत असेल तर कळवा, असं विचारतात. आम्ही देवळाच्या पायरीवर पोचलो तर रत्नमाला टीचर वाट पाहत उभ्या होत्या. त्यांच्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेला मोगऱ्याचा गजरा होता. “नाव वाचणार आज आमच्या लिलीचं, आणि केस असेच?” असं म्हणून त्यांनी तो तिच्या वेणीत स्वतः माळला, पिना दातात धरून, सावकाश. आम्ही नेहमीच्या बाकावर बसलो: टीचर, लिलीताई, मी, मग आई. पाळकसाहेबांनी सूचना वाचली. जालन्याच्या मंडळीचे अविवाहित शमुवेल यांचं नाव, आणि या मंडळीच्या ‘कुमारी लिली’ हे शब्द. सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. लिलीताई हातरुमालाची घडी घालत होती.

मग प्रभुभोजन. पाळकसाहेबांनी नेहमीच्या सुरात समेटाची सूचना दिली. भाकरीचं ताट आलं आणि गेलं. लिलीताईने काही उचललं नाही हे माझ्या लक्षात नंतर आलं. मग ट्रे आला. टीचरनी आपला प्याला घेतला आणि ट्रे लिलीताईपुढे धरला. लिलीताई त्यांच्या हाताकडे पाहत राहिली. त्या बोटांना मोगऱ्याच्या देठांचा हिरवा डाग होता. तिने दोन्ही हातांनी ट्रे घेतला आणि माझ्याकडे दिला. मी प्याला उचलला. सगळ्यांनी प्यायल्यावर तो बारीक आवाज झाला, आणि आमच्या पुढच्या पट्टीत टीचरच्या आणि माझ्या प्याल्याच्या मध्ये एक भोक रिकामं राहिलं. मागच्या बाकावरून ते स्पष्ट दिसत होतं. मागच्या बाकावर सोनवणेबाई होत्या.

‘कुमारी’ हा शब्द वाचला गेला आणि लगेच त्या मुलीने प्याला नाकारला. या दोन गोष्टी लोकांनी एकमेकींना जोडल्या. जोडणाऱ्यांना मी पूर्ण दोष देत नाही. त्यांना प्याला न घेण्याचं एकच कारण माहीत होतं. सोनवणेबाईंचं मला अधिक आश्चर्य वाटे. त्या आदल्या दिवशी गच्चीवर होत्या. पण पुढे विचार करताना लक्षात आलं, की गच्चीवरचं बोलणं त्यांच्या हिशेबी पाप नव्हतंच. त्यामुळे ते कारण असू शकेल, हे त्यांच्या मनाला शिवलंच नाही. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरोखर काळजी वाटत होती.

आमच्या मंडळीत अशा काळजीसाठी एक शब्द होता: ओझं. “प्रभूनं माझ्या मनावर अमक्यासाठी ओझं ठेवलंय,” असं म्हटलं की पुढे काहीही सांगता येई. शेवटी, “फक्त प्रार्थनेसाठी सांगते बरं.” मी पुढे अनेक वर्षं वर्तमानपत्रात काम केलं. तिथेही असा एक शब्द होता, ‘समजते’. पुरावा नसलेल्या वाक्याच्या शेवटी तो लावला की कोणाला समजले, कोणाकडून समजले, हे सांगावं लागत नसे. उपसंपादक म्हणून माझ्या हाताखालून गेलेल्या बातम्यांतला तो शब्द मी दिसेल तिथे कापत आले. सहकाऱ्यांना ती माझी लहर वाटे.

गुरुवारी सोनवणेबाईंच्या घरी प्रार्थना होती. आई, मी आणि वस्तीतल्या दहा-बारा बायका. लिलीताई डोकं दुखतं म्हणून घरी थांबली, आणि त्यावरही दोन बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. गाणी झाली, पेटी बंद झाली, सगळ्यांनी डोळे मिटले. सोनवणेबाई प्रार्थना करू लागल्या. आजारी, प्रवासी, परीक्षा देणारी मुलं यांच्यानंतर त्यांचा आवाज खाली आला. “प्रभो, आमच्या एका तरुण बहिणीसाठी मनावर ओझं आहे. नाव तू जाणतोस. ती ज्या मोहात पडली, जे तिच्या पोटात लपलं आहे, ते तुझ्यापासून लपलेलं नाही. तिच्या आईबापाला धीर दे. त्या निष्पाप जालनेकर कुटुंबाला फसवणुकीपासून राख.”

मी डोळे उघडले. आईचे मिटलेलेच होते.  बोलणाऱ्या माणसाला थांबवता येतं, भांडता येतं. प्रार्थना करणारीला मध्येच कसं थांबवायचं? ती बोलत असते देवाशी. आपण फक्त ऐकत असतो. प्रार्थना संपली आणि सगळ्या बायका आमेन म्हणाल्या. त्यात आईचाही आवाज होता. आयुष्यभराच्या सवयीने तिच्या तोंडून ते निघून गेलं. बाहेर रस्त्यावर आल्यावर ती विजेच्या खांबाला धरून उभी राहिली. “मी आमेन म्हणले,” ती म्हणाली. “व्हय ना गं? म्हणले ना मी?”

घरी लिलीताई गच्चीवर वाळलेल्या कुरडया डब्यात भरत होती. आईने जिना चढता चढताच विचारलं, “लिले, खरं सांग. काय झालंय?” लिलीताईने सगळं सांगितलं: टीचरविषयी काय बोलली, गजरा, ट्रे. आईचा आधी विश्वासच बसेना.

“एवढंच? त्यात काय एवढं? सगळेच बोलतेत.”

“म्हणून तर.”

“मग मी सांगते ना सगळ्यांना. आत्ता जाते सोनवणीणीकडं.”

“काय सांगशील?” लिलीताईने विचारलं. “लिलीनं टीचरच्या नवऱ्याबद्दल असं असं म्हटलं, म्हणून प्याला नाही घेतला, हेच ना? म्हणजे ज्यांनी नव्हतं ऐकलं त्यांनाही आता कळेल. मी गच्चीवर बोलले, तू वस्तीत सांगशील.”

“आन् तुझं नाव गेलं ते?”

“माझं खोटं आहे, आई. आज ना उद्या पोटच सांगेल. त्यांचं खरं असलं तर?”

 वर्तमानपत्रात आम्हाला शिकवलं होतं की छापलेलं खरं असेल तर तो बदनामीच्या खटल्यात बचाव होऊ शकतो. लिलीताईच्या हिशेबात ते खरं असण्याने गोष्ट उलट वाईट होत होती. स्वतःला निर्दोष ठरवायचं तर टीचरना पुन्हा एकदा, आणि या वेळी सगळ्यांसमोर, मांडावं लागणार होतं. ते ती करणार नव्हती, आणि न केलं तर लग्न जाणार होतं. हे दोन्ही तिला त्याच दिवशी दिसत होतं.

दुसऱ्या रविवारी सूचना वाचली गेली. त्या आठवड्यात शमुवेलची आई आणि मामा आले. जालन्याला कोणीतरी ओझं पोचवलं होतं. त्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी लिलीताईचा हात हातात घेतला. “बाळा, एकदा सांग, प्याला का नाही घेतलास. मी कुणाला सांगणार नाही. मी ऐकलेलं खोटं ठरावं म्हणूनच आलेय.” मामा दाराकडे बघत म्हणाले, “नाहीतर डॉक्टरचा दाखला आणा. विषय संपला.”

 पप्पा उठले आणि म्हणाले, “दाखला नाय आणणार. माझ्या पोरीला काय मीटर बसवायचंय का?” मग लिलीताईकडे वळून, आवाज उतरवून: “पण तू तर सांग की गं. सांगायला काय जातंय?”

“माझं काही जात नाही, पप्पा,” ती म्हणाली. “दुसऱ्याचं जातं.”

दुसऱ्याचं, हा शब्द मामांनी उचलला. त्यांना त्यातून पुरुष ऐकू आला. तिसऱ्या रविवारी सूचना वाचू नये असा निरोप त्यांनी पाळकसाहेबांना दिला. पुढच्या प्रभुभोजनाला आम्ही येऊ, असं शमुवेलच्या आईने मात्र जाताना सांगितलं. “तेव्हा तिनं प्याला घेतला तर देवासमोर ती स्वच्छ आहे असं मी समजेन. मग मला कुणाचं ऐकायचं नाही.” तिने वाट ठेवली होती, हे मला आजही मान्य करावं लागतं. तिच्यापाशी दुसरी मोजपट्टी नव्हती.

पाळकसाहेब घरी आले. थकलेले, सौम्य गृहस्थ. “मला एकट्याला सांग,” ते म्हणाले. लिलीताई म्हणाली, “तुम्हीच सांगता ना, आधी जाऊन समेट करा. ज्यांच्याकडे जायचं त्यांच्याकडे आधी जाऊन येते.”  स्वतःचं वाक्य त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच ऐकलं.

आईने मला तिच्याबरोबर पाठवलं. टीचरच्या ओट्यावर उन्हं आली होती. त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. आम्हाला पाहून सूप बाजूला ठेवलं. लिलीताई उभीच राहिली. “टीचर, मी तुमच्याबद्दल वाईट बोलले. मला माफ करा.”

“काय बोललीस?”

“वाईट.”

“नेमकं काय? शब्द सांग.”

लिलीताईने शब्द सांगितले. आपल्या नळाचं पाणी, हंडे, दुसऱ्याची गल्ली. नक्कल करणारी, टाळ्या घेणारी ती, ते वाक्य शाळेतल्या मुलासारखं एका सुरात म्हणून मोकळी झाली. टीचरच्या तोंडावर क्षणभर काहीतरी हललं. मला वाटलं त्या हसतील.

“चांगलं जमवलंस,” त्या म्हणाल्या. “कोण कोण हसलं?”

“ते नका विचारू.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे. “नाताळात मी बहिणीकडे जाते, वैजापूरला. पुण्याला माझं कुणी नाही, दोन-तीन वर्षं झाली. मला वाटायचं, हे फक्त मला ठाऊक आहे.” त्यांनी सूप उचललं. “तुझं ओझं उतरलं, लिली. माझ्या ओट्यावर ठेवून चाललीस. जा आता.”

त्यानंतर दोन रविवार टीचर देवळात आल्या नाहीत. लिलीताई बालवाडीत जाई, येई, स्वयंपाक करी. नक्कल तिने त्यानंतर केली नाही. पाण्याच्या दिवशी ती हंडे घेऊन बाहेर आली की बोलणं थांबे आणि नळाचाच आवाज ऐकू येई. कोणी वाकडं बोललं नाही. सगळ्यांनी तिच्यासाठी प्रार्थना चालू ठेवली होती.

पुढच्या महिन्याचा पहिला रविवार आला. आईने दुप्पट मटण टाकलं आणि सकाळीच कुरडया तळून ठेवल्या. जालन्याची तिघं आली: शमुवेल, त्याची आई, मामा. ते पलीकडच्या रांगेत, आम्ही दिसू असे बसले. लिलीताईने पांढरी साडी नेसली होती. आदल्या दिवशी आईने तिला एकच विचारलं होतं, “घेशील ना?” आणि ती म्हणाली होती, “मी जाऊन आले ना. घेईन.” उपासना सुरू झाल्यावर मागून कोणीतरी आलं आणि आमच्या बाकाच्या टोकाला, आपल्या नेहमीच्या जागी, बसलं. रत्नमाला टीचर. त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही.

भाकरीचं ताट टीचरकडे आलं. त्यांनी ते तसंच लिलीताईकडे दिलं. तिच्या हाताची बोटं भाकरीवर येऊन थांबली आणि मागे गेली. मग ट्रे आला. टीचर त्या प्याल्यांकडे बराच वेळ पाहत होत्या, एवढ्या वेळात इतरांचे दोन बाक झाले असते. मग त्यांनी प्याला न उचलता ट्रे पुढे केला.

माझ्या माहितीत हे फक्त दोघींना आणि मला कळलं. टीचरच्या मनातून ते अजून गेलं नव्हतं, आणि ते गेलं नसताना प्याला घ्यायला त्या तयार नव्हत्या. जिच्याविषयी ते होतं ती शेजारी बसली होती. पलीकडच्या रांगेतून शमुवेलची आई पुढे वाकून पाहत होती. लिलीताईने एकदा शमुवेलच्या आईकडे पाहिलं, एकदा शमुवेलकडे. प्याला उचलला असता तर तिच्या विरुद्ध कोणी काही म्हणणार नव्हतं. ती माफी मागून आली होती, नियमाने तिचं काम संपलं होतं. तिने ट्रे माझ्याकडे दिला. सगळ्यांनी प्यायलं. तो बारीक आवाज झाला. पट्टीत दोन भोकं रिकामी होती, शेजारी शेजारी. मागच्या बाकावर सोनवणेबाईंनी डोळे मिटून घेतले होते आणि त्यांचे ओठ हलत होते.

जालन्याची माणसं शेवटच्या गाण्याआधी उठली. फाटकाशी रिक्षा थांबवून मामा आणि शमुवेलची आई बसली. शमुवेल मागे राहिला, लिलीताई बाहेर येईपर्यंत.

“एकदा मला तरी सांगायचं होतंस,” तो म्हणाला.

“सांगण्यासारखं जे होतं ते माझं नव्हतं.”

त्याने मान हलवली. समजून की न समजता, हे मी लिहू शकत नाही. तो रिक्षात बसला. त्याचं लग्न पुढे वर्षभरात झालं. लिलीताईचंही झालं, उशिरा, दुसऱ्या गावी, आणि ते सुखाचं झालं. पण त्या फाटकाशी उभ्या असलेल्या मुलीला ते ठाऊक नव्हतं, म्हणून त्याचा इथे उपयोग नाही. सोनवणेबाईंना खरी गोष्ट कधीच कळली नाही. त्यांच्या अंत्यविधीला मी गेले होते. प्रार्थनेत राहणारी बाई, असं सगळ्यांनी सांगितलं, आणि ते खरं होतं. आता मंडळीचा मोबाईलवर ग्रुप आहे. मी त्यात आहे, कारण आईला वाचून दाखवावं लागतं. ‘एका बहिणीसाठी, नाव नको’ अशी विनंती आली की तिच्याखाली जोडलेल्या हातांची चित्रं पडू लागतात. मी तो संदेश आईला वाचून दाखवत नाही.

फाटकातली गर्दी पांगली. टीचर शेवटी बाहेर आल्या. लिलीताईसमोर येऊन थांबल्या. त्यांचे डोळे लाल होते आणि आवाज रागाचा होता.

“घ्यायचा होतास प्याला. पाहुणे बसले होते ना समोर?”

“तुमचं राहिलं होतं ना, टीचर.”

“राहिलंच आहे अजून,” टीचर म्हणाल्या. “तो काय नळ आहे, चावी फिरवली की झालं?” पप्पा तिथेच सायकल धरून उभे होते, चावी दांडीला बांधलेलीच होती. टीचरनी त्या चावीकडे पाहिलं, मग आईकडे. “पाहुण्यांसाठी केलेलं आता कोण खाणार, सुशीलाबाई?”

 “चला की तुम्ही,” आई कशीबशी म्हणाली. “लई केलंय.”

टीचर आल्या. झाकणावरचं पाणी पार आटलं होतं आणि मटण तळाला लागलं होतं. आईने वरवरचं काढून वाढलं. पाहुण्यांसाठी अंथरलेल्या चटयांवर आम्ही पाच जण बसलो. मध्ये कुरडयांची परात. टीचरनी एक कुरडई उचलून ताटात ठेवली, पण मोडली नाही. लिलीताई त्यांच्या समोर होती.  पप्पांनी टोपी काढली आणि पाहुण्याला मान म्हणून टीचरना म्हटलं, “बाई, तुम्ही करा प्रार्थना.”

आम्ही डोळे मिटले. आईने मिटले नाहीत. त्या गुरुवारनंतर ती कोणाच्याही प्रार्थनेला डोळे मिटत नाही, आजही नाही, हे तिनेच मला सांगितलं आहे.  खालच्या रस्त्याने एक बस गेली. मग टीचरचा आवाज आला.

“प्रभो, हे अन्न. आणि हे जेवणारे.”

त्या थांबल्या. आणखी काही येतंय का याची आईने वाट पाहिली. त्या प्रार्थनेत कुणाचंही नाव नव्हतं. मग आई आमेन म्हणाली, सगळ्यांच्या आधी, मोठ्याने.